रेडिओला लिहिलेलं मोडी पत्र

धार, ६ सप्टेंबर १९५६, गुरुवार
उमाशंकर भियाच्या हॉटेलात रेडिओवर 'दिवाणांची सून' ऐकलं. चौथा भाग. दर गुरुवारी सव्वासातला असतं. सुनेचं काम करणारी बाई एक नंबर. तिने 'मामंजी, या तुमच्या किल्ल्या' म्हटलं आणि माझ्या हातातली कचोरी थंड झाली. नवऱ्याचं काम करणारा अगदी बेकार. बायको घर सोडतेय आणि हा हवामान सांगतोय. मी त्याचं वाक्य उभं राहून म्हणून दाखवलं. भिया म्हणाला, दत्तूभिया बोले तो रेडियो फट जाए. तारीफच.
निश्चय: ते काम आपण मिळवायचं.

८ सप्टेंबर
मोरोपंतकाकांनी फर्मान काढलं. दसऱ्यानंतर मी गंधवानीला, लाकडाच्या ठेकेदाराकडे कारकून. तिथे जंगल. रेडिओ नाही, मी विचारून घेतलं. तेव्हा दसऱ्याच्या आत रेडिओवर लागणं भाग आहे. उद्यापासून पहाटे आवाजाची मेहनत.

९ सप्टेंबर, सकाळी साडेनऊ
आवाजाला झोपही लागते.

११ सप्टेंबर
रेडिओवाल्यांना अर्ज केला. हिंदी शाळेमुळे माझं मराठी लिहिणं जरा लंगडं, म्हणून काकांना बसवलं. काकांचा जन्म दरबारच्या दप्तरात गेला, ते मोडीशिवाय लिहीत नाहीत. मला मोडी वाचता येत नाही, पण दिसते रुबाबदार. मी सांगितलं: नवरा बदला, दिवाण किराणावाल्यासारखा बोलतो, उमेदवार धारेत तयार आहे. काका म्हणाले, सावकाश सांग, शाई वाळते. माझं सांगून झाल्यावरही ते दोन पानं लिहीत होते. दप्तरी माणूस, शिफारस नीट जोडणारच. नंतर आत जाऊन यमुनाकाकूंना वाचून दाखवलं. काकू खूप हसल्या. कौतुक.

२० सप्टेंबर
परिणाम दिसला. दिवाण आज दरबारात जाताना टोपी नाही, पगडी मागत होता, आणि मुजरा कधी करावा यावर नोकराला झाडत होता. मी असं लिहायला सांगितलं नव्हतं. पण एक खांब हलवला की सगळा मांडव हलतो. नवरा तोच. धीर धरायचा.

२७ सप्टेंबर
काकांनी तिरल्याला निरोप देऊन पाठवलं. वाटेत कुस्त्या लागल्या. निकाली कुस्ती सोडून कोण येईल? नाटक चुकलं, निरोपही राहिला. उद्यापासून शिस्त.

४ ऑक्टोबर
नाटक बिघडलं. दिवाणाने बिनकामाच्या मुलाला जंगलात कारकुनीवर पाठवून दिलं. खऱ्या जगात असं कोणी करतं का? हॉटेलातले सगळे मात्र माझ्याकडे बघून हसत होते. एक बरं झालं, तो बेकार नट गेला. जागा रिकामी.

११ ऑक्टोबर
रेडिओवाल्यांचं पत्र आलं. काकांच्या नावाने, पण साध्या अक्षरात, म्हणून मीच आधी वाचलं. दरबारी रीतींबद्दल आभार. आळशी मुलाला जंगलात धाडण्याची आपली सूचना श्रोत्यांना फार आवडली. पुतण्याला काम देऊ नये, ही विनंतीही मान्य. दिवाणाचं काम करणारे गृहस्थ आजारी आहेत, आपण याल का?
मी काकांना जाब विचारला. ते म्हणाले, तू सांगितलेला शब्द न् शब्द लिहिला, उमेदवार तयार आहे हेसुद्धा. खाली माझं मत घातलं.
काकूंनी पेटीतून पगडी काढली. रेडिओवर दिसत नाही, असं मी सांगितलं. ऐकू येते, असं काका म्हणाले.

गंधवानी, १८ ऑक्टोबर
तीन दिवस झाले. डास. काकांना पत्र टाकलं: इथे डास फार, प्रकृतीला मानवत नाही, परत बोलवा. मोडकंतोडकं का होईना, स्वतःच्या हाताने लिहिलं. काका विरघळणार.

२५ ऑक्टोबर, गुरुवार
ठेकेदाराने बॅटरीवरचा रेडिओ आणला. सव्वासातला घरचे सगळे अंगणात जमले, मीही. काका दिवाण. आवाज असा की ठेकेदार बिडी विझवून सरळ बसला. मध्येच जंगलातून मुलाचं पत्र येतं. घरी परत आलेली सूनबाई वाचून दाखवते: इथे डास फार, प्रकृतीला मानवत नाही, परत बोलवा. तिच्या तोंडी माझं वाक्य किती छान वाटलं. दिवाण खाकरले. मग म्हणाले, डास इथेही आहेत, त्याला कळव. आणि अक्षर सुधार म्हणावं.
ठेकेदाराची बायको नर्मदाबाई डोळे पुसत म्हणाली, बाप असावा तर असा.
मी हो म्हटलं.