पाचवी, सव्विसाव्या दिवशी

प्रिय प्रविण,

बोटीवर तुझा फोन लागत नाही, म्हणून ओखा बंदराला निघालेल्या आपल्या पाड्यातल्या लडक्याच्या हाती हे पत्र देतोय. तुला मुलगी झाली. आठव्या महिन्यातच आली, जेमतेम दीड किलोची. काल काट्यावर दोन किलोच्या पुढे गेली.

निलमला ताप होता. शितल सिस्टर म्हणाली, बाळाला उघड्या छातीशी बांधून ऊब द्यायची, घरातलं कोणीही चालेल. तुझी आई निलमपाशी, म्हणून मी शर्ट काढला. दोन जीपांचा मालक, पोट सुटलेला, लुगड्याने नात बांधून दवाखान्यात बसलेला. तुझी आई म्हणाली, जन्मभर पॅसेंजर कोंबलेस, आता एकच घेतलास आणि तोही फुकट.

माझे कान तुला ठाऊक आहेत. डहाणू रोडच्या गर्दीतही कुठल्या जीपचा पट्टा करकरतोय ते मला कळतं. दाराआड डॉक्टर सिस्टरला सांगत होते, हा म्हातारा पाचवीला बाळ उचलून घरी नेणार बघा. चौथ्या दिवशी बुधीबाई सुईण आलीच. पाचव्या दिवसाची पूजा घरीच व्हायला पाहिजे म्हणून अडून बसली. मी म्हटलं, बाई, दिवस तूच मोज, फक्त बाळ घरी आल्यापासून मोज. ती म्हणाली, जीपवाल्या, तू देवालाही थांब्यावर बसवशील. पण ऐकलं तिने.

बाविसाव्या दिवशी पोर घरी आली, सव्विसाव्या दिवशी पाचवी केली. अख्खा पाडा जेवला. पूजेत पोरीने असा गळा काढला की बुधीबाईला स्वतःचंच बोलणं ऐकू येईना. मी मात्र तो आवाज मन भरून ऐकला.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. पहिला मुलगा गेला, त्याचा बोल तू अजून निलमला लावतोस, तिने धड पाजलं नाही म्हणून. डॉक्टरांनीच घरी सोडलं असं मी तेव्हा तुला सांगितलं, ते खोटं होतं. पाचवी चुकू नये म्हणून मीच सही करून त्याला दवाखान्यातून बाहेर काढलं, ऐन थंडीत, उघड्या जीपमधून. निलम नको नको म्हणत होती. तिने आजवर माझं नाव घेतलं नाही. तू घरी ये. भांडायचं तर माझ्याशी भांड, पण मुलीला मांडीवर घेऊन भांड, म्हणजे आवाज आपोआप खाली राहील.

तुझाच,
बा