स्वरदाचा थायरॉइड आणि माझा अनुभव

६ जानेवारी २०२५, नांदुरा
अकोल्याहून परत. आमची लेक स्वरदा आज चाळीस दिवसांची. हृदयाजवळच्या नळीत दोषाची शंका होती, म्हणून रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन देऊन सीटी स्कॅन केला. नॉर्मल. मी आधीच म्हटलं होतं.
डिस्चार्ज कार्डावर खाली एक ओळ: कॉन्ट्रास्टमध्ये आयोडीन असतं, तीन आठवड्यांच्या आत थायरॉइडची रक्ततपासणी करा. हसू आलं. आयोडीन मिठातही असतं! आठ वर्षं औषध कंपनीचा एमआर आहे मी, रोज बारा डॉक्टरांना औषधं समजावतो.
कार्ड फाइलमध्ये. फाइल कपाटात.
संकल्प: घरातले मेडिकल निर्णय यापुढे फक्त माझे.

१२ जानेवारी
स्लीप ट्रेनिंग सुरू, म्हणजे बाळाला ठरल्या वेळी झोपायची सवय. मोबाइलवर तक्ता केला. शरयू म्हणाली, बाळाला तक्ता कळत नाही. बायकोला सिस्टीम कळत नाही.

१९ जानेवारी
जबरदस्त रिझल्ट! स्वरदा दिवसभर झोपते. रडणं जवळपास बंद. ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं, सतरा लाइक.
सासूबाई, म्हणजे केसरबाई, मात्र नाराज. "जावईबापू, पोरगी दूध ओढून नाही राह्यली. चार दिसापासून शी बी नाही." म्हटलं, थंडी आहे. सातवी शिकलेल्या बाईशी वाद कशाला?

२३ जानेवारी
शेजारची यास्मीन आली. सोनाळ्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे. बाळाला हात लावला आणि लगेच म्हणाली, "धवलभाऊ, आंग थंडं लागून राह्यलं. थायरॉइड तपासलं का?" मी हसलो. तर म्हणे, "हसता काऊन? एवढं आयोडीन एकदम गेलं तं इवल्या बाळाची थायरॉइड कधी कधी कामच बंद करते."
आता सोनाळ्याची नर्स मला शिकवणार! चहा न विचारता पाठवलं. शरयू तिला फाटकापर्यंत सोडायला गेली. तिथे बराच वेळ काय बोलत होत्या कोण जाणे.

२७ जानेवारी
तपासणीची शेवटची तारीख. विसरलो नाही. पुढे ढकलली. महिनाअखेर, टार्गेट, आणि त्यात एवढ्याशा हाताला सुई टोचायची? मला बघवत नाही. हे कारण कोणाला सांगितलेलं नाही.

२८ जानेवारी
टूरवर लोणारला. परत आलो तर घराला कुलूप. शरयू आणि सासूबाई बाळाला घेऊन खामगावला, लॅबमध्ये! मला न विचारता! फोन केला. शरयू म्हणाली, "विचारलं असतं तर तुम्ही पुन्हा समजावलं असतं."
फार अपमानास्पद.

२९ जानेवारी
रिपोर्ट आला. टीएसएच ४८. पाच-सहाच्या आत हवं; जास्त म्हणजे थायरॉइडचं काम कमी. तीनदा वाचलं. लॅबची चूक असेल म्हणून फोनवर ओरडलो. त्यांनी पुन्हा तपासलं. ४८.
खामगावच्या बालरोगतज्ज्ञांनी सगळं शरयूलाच सांगितलं. गोळी आजपासून, रोज सकाळी, चुरून दुधात. या वयात मेंदू वाढत असतो, त्याला हे हार्मोन लागतंच. वेळेत आणलंत, बहुतेक तात्पुरतं असेल.
मी विचारलं, आणखी महिनाभर थांबलो असतो तर?
डॉक्टर म्हणाले, "कशाला थांबला असतात?"
स्लीप ट्रेनिंगचा तक्ता डिलीट.

१६ फेब्रुवारी
टीएसएच ४. शरयूने रिपोर्ट आधी स्वतः वाचला, मग आईला दाखवला, मग मला.
यास्मीनला सॉरी म्हणायचं ठरवलं. तीन वाक्यं पाठ केली. सकाळी स्टँडवर गाठली, ती सोनाळ्याच्या एसटीत चढून बसली होती. मीही चढलो. तोंड उघडणार, तेवढ्यात तिनेच विचारलं, "कशी आहे हो पोरगी आपली?"
आणि मी रडायला लागलो. भरल्या गाडीत. एका म्हातारीने मला पाणी दिलं. यास्मीन नुसती म्हणत होती, "होऊन गेलं, भाऊ. होऊन गेलं."
कंडक्टर म्हणाला, "भाऊ, रडाचं असंन तं खाली उभं राहून रडा. गाडी सोडाची हाये."
उतरलो. गाडी गेल्यावर लक्षात आलं, सॉरी म्हणायचं राहूनच गेलं.