दादाच्या डोक्यावरची गच्ची

१४ मे

खाली एक थेंब नाही! वहिनीने स्वतः स्टुलावर चढून छतावरून हात फिरवला आणि जिन्यातून ओरडून सांगितलं— "ठणठणीत कोरडं!" नव्या वॉटरप्रूफिंगची परीक्षा म्हणून गच्चीच्या आउटलेटला बोळा कोंबून घोटाभर पाणी साठवून ठेवलं होतं. ठेवलं तेवढं तसंच उभं. वॉटरप्रूफिंगवाले मिशीतल्या मिशीत हसले. बोळा काढल्यावर पाणी घडघडत पाइपातून गेलं— कानाला फार बरं वाटलं.

दादा काही बोलला नाही. म्हणजे माझ्याशी. दोन वर्षांपूर्वी माझ्या गच्चीतलं पाणी झिरपून खाली त्याच्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात ठिबकलं, तेही दुरुस्तीला आलेल्या एका चेलोवर. पोटाचं लाकूड फुगलं, गिऱ्हाईक गेलं. तेव्हापासून माझ्याशी बोलायचं ते वहिनीमार्फत. खालचा मजला त्याचा, वरचा माझा, मधलं छत भांडणाचं.

दुसऱ्या गावी त्याने जागा बघून ठेवली आहे. वहिनी म्हणाली, "या पावसात छत कसं राहतंय ते बघतील, मग ठरवतील."

मग ठरल्यातच जमा! राहतोय तो.

१८ मे

टाइल्स बसायला लागल्या. मिस्त्रीचं नाव मी 'आरसा' ठेवलंय— बसवलेली प्रत्येक टाइल पुसून तीत स्वतःचं तोंड बघतो.

वॉटरप्रूफिंगवाल्यांनी निघताना शाळेतल्यासारखा धडा दिला. "ताई, टाइल पाणी अडवत नाही. टाइल फक्त पायाला. सांध्यांतून पाणी खाली जाणारच. अडवतो तो खालचा थर. म्हणून पाण्याला दोन वाटा— वरचं जाईल जाळीतून, खालचं जाईल आउटलेटच्या गळ्याशी ठेवलेल्या बारीक भोकांतून." उतार दोन्ही थरांना दिलाय, आउटलेटच्या बाजूला.

समजलं. आरशालाही सांगितलं. त्याने मान डोलावली.

२ जून

काम संपलं. चकाकती गच्ची बघून वहिनी— "इथे चप्पल काढून यायचं की डोळे मिटून?"

११ जून

झोडपून पडला. खिडकीशी उभी राहून बघितलं. पाणी उतारावरून शिस्तीत गेलं, जाळीत घुसलं, नाहीसं झालं. पाऊस थांबल्यावर चहा ठेवला, तो गाळेपर्यंत गच्ची रिकामी! खाली कोरडं. असं काम पूर्वीच करून घ्यायला हवं होतं.

१९ जून

ऊन पडलंय. शेजारपाजारच्या गच्च्या वाळल्या, माझी वाळली नाही. आउटलेटजवळच्या टाइल्स काळपट ओल्या, सांध्यांत पांढरी भुकटी. पाय दिला तर सांध्यातून पाणी डोकावतं!

वहिनी वर आली होती. "अगं, कुठेतरी पाणी मुरतंय."

"मुरत नाहीये, वहिनी. तेच तर दुखणं आहे."

जाळी उचलून आत हात घातला. गळ्याभोवती बोट फिरवलं— गुळगुळीत. एक भोक नाही. आरशाला फोन केला. तो खूश! "हो ताई, भोकं राहिली होती तिथे. वाईट दिसत होतं. सिमेंट भरून घासून दिलं. वेगळे पैसे लावले नाहीत हां त्याचे!"

मग वॉटरप्रूफिंगवाल्यांना. त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "टाइल्सखाली तळं केलंय त्याने तुमच्या. आमचा थर धरून ठेवेल, पण सारखं पाण्यात बसवू नका त्याला. छिन्नी-हातोडा मात्र लावू नका, ताई— थर फाटला तर सगळं पहिल्यापासून." ते बाहेरगावी आहेत, पुढच्या आठवड्यात येतील.

आणि मोठा पाऊस येतोय परवापासून. ही बातमी आज माझ्याच हातून पेपरच्या पानावर गेली.

२० जून

गप्प राहता आलं असतं. खाली अजून कोरडं आहे. पण इतकी वर्षं डेस्कवर काढली, दाबून ठेवलेली बातमी लहान झालेली कधी पाहिली नाही. खाली गेले.

दादा व्हायोलिनच्या मानेला सरस लावत होता. सगळं सांगितलं— तळं, भोकं, आरसा, येणारा पाऊस. त्याने मान वर केली नाही. मी हातभर अंतरावर उभी, आणि हा वहिनीला म्हणतो, "तिला विचार, भोकं केवढी आहेत."

"तिला कान आहेत. तुम्हीच विचारा की!"

"पेन्सिलीएवढी," मी वहिनीला सांगितलं. आता काय करणार!

त्याने सरस बाजूला ठेवला, बारीक आकडे आणि पटाशा फडक्यात गुंडाळल्या आणि जिना चढून वर. गच्चीवर पोटावर पालथा झाला, हात आउटलेटमध्ये.

"टॉर्च धर."

माझ्याशी! वहिनीने माझ्याकडे बघितलं, मी टॉर्चकडे.

कण कण करून सिमेंट खरवडलं. वाद्याच्या पोटात हात घालायची सवय— थराला टोक लागू दिलं नाही. पहिलं भोक मोकळं झालं आणि गढूळ पाण्याची धार आली. मग दुसरी. दुपार कलली तरी धारा चालूच. तो तिथेच मांडी घालून बघत बसला.

"एवढं पाणी माझ्या डोक्यावर होतं?"

"हो."

"आणि छत कोरडं?"

"हो."

"म्हणजे तो वॉटरप्रूफिंगवाला चोख माणूस आहे."

"आणि मिस्त्री?"

"तो जरा जास्तच चोख आहे."

हसला. मीही.

२३ जून

पाऊस. ढगफुटी म्हणू नका, असं ऑफिसात बजावून आले. पण होती तशीच.

२५ जून

अजून पडतोय. भोकांतून धारा, जाळीतून धारा. दादा दोनदा वर येऊन बघून गेला. वहिनीला मधे घ्यायची आता कोणालाच आठवण नाही.

२८ जून

उघडलं. छत कोरडं— या वेळी खुद्द दादाने सांगितलं, माझ्या दारात उभं राहून. आत आला, बसला, चहा घेतला. मग म्हणाला, "ओलं छत कोणाच्या गळ्यात मारायचं नव्हतं मला. आता खालचा मजला विकता येईल. तिकडची खोली मोठी आहे, उत्तरेचा उजेड आहे." बोलला अगदी मायेने. तो थांबेल असं मी धरून चालले होते. एकदाही विचारलं नव्हतं.

उद्या अकराला माणसं येणार आहेत जागा बघायला. आउटलेटचं त्यांना मी समजावून सांगायचं आहे. "तुला नीट सांगता येतं," म्हणाला.