पाचाचे सहा

हिराच्या वडलांस,

भाकरी टोपल्यात हायेत, कालवण झाकून ठेवलंय. कवड्या हुडकू नका, मी आडात टाकल्यात. हिराला घेऊन आईकडं मिरजगावला चालले.

पोरीला मोजता यावं म्हनून मीच तुमाला तिच्यासंगं खेळाय बसवलं हुतं. पाच कवड्या उताण्या पडल्या तरी तुमी सहा म्हनून सोंगटी पुढं सरकवता, अन् ती "पाचच हायेत" म्हनली की डोळे वटारता. पाच वर्साच्या लेकरापुढं हार सोसंना तुमाला. असल्या जिंकण्याची मला किळस येती.

आज सकाळी मी तिला हाताची बोटं मोजाय लावली. तिनं पाच नीट मोजली, मग दाराकडं बघितलं, अन् हळूच म्हनली, सहा.

हिराची आई