आठवड्यातून दोनदाच

५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. मनगटाचं प्लास्टर निघालं म्हणजे सगळं झालं असं समजू नकोस. तू दुकानात पडलीस आणि शेजारचा घड्याळवाला येईपर्यंत तशीच जमिनीवर पडून राहिलीस, हे काही माझ्या डोक्यातून जात नाही.

परवा आलो तेव्हा आणखी एक बघितलं. शिलाई मशीनचं डोकं तू दर शनिवारी टेबलावरून काढून माडीवर खोलीत नेतेस आणि निवांत तेलपाणी करतेस. आता तेवढ्यासाठीही तुला घड्याळवाल्याला हाक मारावी लागली. तेव्हा मी ठरवलंय. मेअखेर टेम्पो घेऊन येतो. दुकान बंद, खोली रिकामी, तू आमच्याकडे. तुझ्या घरमालकाशीही बोललोय. आईच्या वेळी उशीर झाला, तो पुन्हा होऊ देणार नाही.

लोभ आहेच, तो वाढावा. राग आला तर तोही चालेल.

तुझा धाकटा भाऊ,
मास्तर

१२ फेब्रुवारी

चि. मास्तर यास अनेक आशीर्वाद.

उचलली जीभ लावली टाळ्याला, ही तुझी खोड शाळेत कवायत घेऊन घेऊन लागलीय. माझ्या घरमालकाशी परस्पर बोलणारा तू कोण रे? मी काय सहावीतली पोर आहे, शिट्टी वाजवली की रांगेत उभी राहायला?

आता माझं ऐक. समोरच्या व्यायामशाळेत शिकवणारी बाई उसवलेली पँट शिवायला घेऊन आली होती. मशीन उचलताना माझे हात लटपटले ते तिने बघितलं. म्हणाली, आजी, हाड जुळलंय, ताकद गेलीय, आणि ती परत आणता येते. आजी म्हटल्याबद्दल तिला आधी झापलं, मग दुसऱ्या दिवशी गेले. मंगळवार आणि शुक्रवार, अर्धा तास. खुर्चीतून उठबस, भिंतीवर जोर, पट्टा ओढणं, दोन्ही हातांत वजन घेऊन चालणं. सगळ्या अंगाचं थोडं थोडं, प्रत्येकाचा एकच फेरा, पण शेवटी शेवटी जीव काढते. मग घरी जा म्हणते. एवढ्याने काय होणार, असं मीच विचारलं. तर म्हणते, नवशिक्याला सुरुवातीला एवढं पुरतं, फक्त चुकवायचं नाही.

टेम्पो खुशाल आण. भरून जातो की रिकामा, ते बघू.

वहिनींना नमस्कार, आणि तुला आशीर्वाद, कान धरून.

तुझी,
ताई

२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आठवड्यातून दोनदा अर्धा तास? हा व्यायाम आहे की पाहुणचार? अख्खी नोकरी मी पोरांकडून रोज शंभर बैठका काढून घेतल्या. घाम गळाल्याशिवाय अंगाला काही लागत नाही. ती बाई गोड बोलून गिऱ्हाईक टिकवतेय, दुसरं काही नाही.

पण हातच्या कांकणाला आरसा कशाला? उद्यापासून मीही रोज शंभर बैठका सुरू करतो. मी आलो की मशीनचं डोकं तू एकटीने, वाटेत न टेकता माडीवर नेलंस, तर टेम्पो परत जाईल. नाहीतर गुपचूप पुढच्या सीटवर बसायचं. बोल, कबूल?

माया पातळ होऊ देऊ नकोस.

मास्तर

२० मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

हे पत्र यांना न सांगता लिहितेय. यांनी तीन दिवस शंभर शंभर बैठका मारल्या. चौथ्या दिवशी संडासात बसले, ते उठता येईना. मी धरून उठवलं. गुडघा टम्म सुजलाय. अति तिथे माती, असं डॉक्टरही म्हणाले, तर हे त्यांच्यावरच उखडले. वन्सं, हसायचं तर हसा, मीही हसले.

पण एक सांगते. सासूबाई मोरीत पडल्या तेव्हा हाड मोडलं नव्हतं. नुसतं उठता आलं नाही, आणि सकाळपर्यंत गार फरशीवर राहिल्या, त्यातच गेल्या. दार उघडून आधी हेच आत गेले होते. तुम्ही दुकानात पडल्यापासून हे झोपेत दचकून उठतात. टेम्पोचं खूळ त्यातून आलंय. मनात राग धरू नका.

माझ्यावरची माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
वहिनी

२ जून

सौ. वहिनींना अनेक आशीर्वाद.

टेम्पो रिकामा का आला ते मास्तर घरी सांगत नाही म्हणता, तर ऐका.

मशीनचं डोकं मी उचललं. जिन्याच्या वळणावर छाती भरून आली आणि बोटं सुटतील असं वाटलं, पण टेकवलं नाही. थेट माडीवर नेऊन ठेवलं. मास्तर मागून कठडा धरून एकेक पायरी येत होता. वर पोचल्यावर म्हणतो कसा, डोकं उचललंस, मान्य. पण उद्या पुन्हा पडलीस तर?

हा रडीचा डाव नव्हता, वहिनी. चेहरा पांढराफटक पडला होता. तुमचं पत्र आठवलं मला, पण तुमचं नाव काढलं नाही.

मी सरळ फरशीवर आडवी झाले. तो घाबरून धावला, हात पुढे केला. मी म्हटलं, हात मागे घे. मग कुशीवर वळले, हातावर भार घेतला, एक गुडघा टेकला, दुसरं पाऊल रोवलं आणि उभी राहिले. हे त्या बाईने अगदी अलीकडे शिकवलं. दुकानात पडले त्या दिवशी मनगट मोडलं होतं खरं, पण मला जमिनीवर ठेवलं ते पायांनी. पायांत उठायचं बळच नव्हतं.

मग तो खुर्चीत बसून आईच्या आठवणीने रडला. मीही रडले. चहा केला. निघताना खुर्चीतून उठायला त्याने माझा हात मागितला, तो मी दिला. गुडघ्याची सूज उतरली की त्याला मंगळवार-शुक्रवार इकडे धाडा. शंभराचा आकडा घरी ठेवून यायचं म्हणावं.

दुकान उघडं आहे. मशीन मीच खाली आणलं. त्याला जे सांगितलं तेच तुम्हालाही कळवते, पुन्हा टेम्पोची हुक्की आली तर हा कागद पुढे करा:

"पडणार नाही, असं मी लिहून देत नाही. उठेन, एवढं लिहून देते."

तुम्हा दोघांवर जीव आहे, तुमचाही असू द्या.

तुमची,
ताई