आईचं शेवटचं बोलणं

नांदेड, १२ फेब्रुवारी २०२५

चि. मनस्विनी हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

तुझी तब्येत बरी असेल. इथली थंडी ओसरली. आईच्या महिन्याच्या श्राद्धाला विष्णुपुरीहून मावशी आली होती, मला भाकरी शिकवून गेली. माझ्या भाकरीचा नकाशा होतो, पण पोट भरतं.

पोर्तुगालच्या खेड्यांतल्या बोलींवरचं तुझं काम कुठवर आलं? लिस्बनचे लोक स्वर गिळतात आणि दक्षिणेकडचे म्हातारे शब्दाच्या शेवटी उगाच एक 'इ' जोडतात, असं तू सांगितलंस तेव्हा मी विचारलं होतं, "मग त्यांना कुणी सुधारत नाही?" तू म्हणालीस, "बाबा, ते चुकतच नाहीत." मला पटलं नव्हतं. छत्तीस वर्षं मराठीचा मास्तर होतो मी.

तुझी आई लोह्याकडची. लग्न होऊन आली ती 'हाय', 'न्हाई', 'लई' घेऊनच. मी एकेक शब्द घोटून सुधारून घेतला. दिवाळीत तू तिचं बोलणं रेकॉर्ड करायला बसलीस, तेव्हाही मी शेजारी खुर्ची टाकली. ती बातम्या वाचल्यासारखी बोलली. तू मशीन बंद केलंस आणि माझ्याशी न बोलता परत गेलीस. तुझा राग बरोबर होता.

आई गेली त्या दिवशी फोनवर तू विचारलंस, शेवटी काय बोलली? मी म्हणालो, काही नाही, शांत गेली. ते खोटं होतं.

लातूरच्या दवाखान्यात पक्षाघातानं तिची जीभ जड झाली होती. तरी आयाबाईशी ती माहेरच्या बोलीत हळूहळू बोलायची. मी आत आलो की गप्प. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं माझा हात धरला. म्हणाली, "आवं, मला लई भ्या वाटायलंय."

मनू, मी म्हणालो, "भीती म्हण, सिंधू."

तोंडातून निघून गेलं गं. खोड ती खोडच. तिनं प्रयत्न केला, "भी... भी..." वाकडं झालेलं तोंड वळेना. मग ओशाळून माझ्याकडे पाहिलं आणि हात सोडला. दुपारी गेली.

ती घाबरली होती आणि मी तिला शब्द शिकवत बसलो. नुसता हात धरून ठेवला असता तर काय बिघडलं असतं?

माफ कर म्हणत नाही. तिचं वाक्य तेवढं तुझ्या वहीत लिहून ठेव. ती बोलली तसंच दिलं आहे, एक अक्षरही सुधारलेलं नाही.

तुझा अपराधी,
बाबा