शिंप्याचा मिस्ड कॉल

३ जानेवारी
सरकारची नवी योजना. टीबीच्या पेशंटने सहा महिन्यांचा कोर्स पुरा केला, की डॉक्टरला बक्षीस. माझा पहिला पेशंट: बाजारातला शिंपी. त्याला अर्धा तास जीव तोडून समजावलं. ही म्हणाली, बक्षीस नसतं तर एवढं बोलला असतात का? हिला सेवाभाव कळत नाही.

४ जानेवारी
रोज त्याच्या दुकानात जाऊन गोळ्या समोर गिळायला लावणार. स्वतः. ठरलं म्हणजे ठरलं.

७ जानेवारी
दुकानात इस्त्रीमुळे फार उकडतं. शिवाय पेशंटवर विश्वास हवा. नवी पद्धत काढली: गोळ्या घेतल्या की त्याने मिस्ड कॉल द्यायचा, मी उचलायचा नाही. पुढच्या गोळ्या केमिस्टकडून परस्पर. दवाखान्यात यायचं नाही, बाकीचे पेशंट बिचकतात. असं सुचायला डोकं लागतं.

८ जानेवारी, सकाळी ८
वाजला. उचलला नाही. झकास.

१९ फेब्रुवारी
आज चार मिस्ड कॉल. गडी भलताच उत्साही. ही म्हणाली, एकदा उचलून तर बघा. पद्धत मोडायची नसते, हे हिला कोण सांगणार?

११ मार्च
बक्षीस येणारच, म्हणून दवाखान्यासाठी फिरती खुर्ची घेतली. हप्त्यावर. दुपारभर पेशंट नव्हते. फिरलो.

२ एप्रिल
शिंप्याचं दुकान बंद दिसलं. कॉल मात्र चालूच. परगावाहूनसुद्धा शिस्त पाळतोय. या केसवर भाषण द्यायला हवं. मुद्दे काढायला बसलो, डोळा लागला.

२० एप्रिल
शिंप्याला त्याची बायको दंडाला धरून घेऊन आली. अंगातला शर्ट खुंटीला टांगल्यासारखा. खोकल्यातून रक्त. गोळ्या दुसऱ्या महिन्यातच बंद केलेल्या. घेतल्या की उलट्या व्हायच्या, डोळे पिवळे पडले होते. मी चिडलो. मग रोज कॉल कशाला करत होतात, म्हणून विचारलं.

तो म्हणाला, "तेच सांगायला, डॉक्टरसाहेब. तुम्ही उचलतच नव्हतात."

फार लाज वाटली. हिला अजून सांगितलेलं नाही.

२८ एप्रिल
शिंपी मोठ्या हॉस्पिटलात. औषधं बदलली, कोर्स पहिल्यापासून. वाचेल म्हणतात. बक्षीस अर्थात त्यांचं. भेटायला गेलो. त्याच्या बायकोला म्हटलं, रात्री-अपरात्री कधीही फोन करा, पहिल्या रिंगला उचलेन.

ती म्हणाली, "नंबर काढून टाकला आम्ही."